डोक्यावरून बैलावर, बैलावरून गाडीवर

(सामुदायिक रेडिओवर महिला गटांसाठी झालेलं भाषण)

 

आजवर आपण इथे कर्जाच्या हप्त्यांवर बोललो, शेळ्यांच्या लसीकरणावर बोललो, मुलींच्या शाळेवर बोललो. आजचा विषय आहे वाट. आपण रोज चालतो ती वाट. बैठकीत कुठलाही विषय निघू दे, आपलं बोलणं फिरून वाटेवरच येतं. नाचणीचे पापड करू म्हटलं, की एक जण विचारते, “करू, पण विकायला न्यायचे कसे?” तपासणीला का नाही आलीस म्हटलं, की उत्तर येतं, “ओढ्याला पाणी होतं, ताई.” म्हणून ठरवलं, एकदा या वाटेचीच गोष्ट मुळापासून सांगायची. आपल्या डोंगरी मुलखात माणसं आणि माल पूर्वी जात कसे होते, गाडी आली कधी, रस्ता केला कुणी, आणि काही वाड्यांना तो अजून का मिळाला नाही.

आमचं गटांचं काम सह्याद्रीच्या धारेला लागून आहे. वर जुन्नर, आंबेगाव, अकोले, खाली मुरबाड. इथे गाव म्हणजे एका जागी शे-दोनशे घरं नव्हेत. दहा घरं या टेपावर, पंधरा त्या पठारावर, मध्ये ओढा नाहीतर रान. वस्ती विरळ, पाऊस मुसळधार, आणि वाट म्हटली की चढ नाहीतर उतार. हे लक्षात ठेवून पुढचं ऐका.

पहिलं वाहन म्हणजे चुंबळ

वाहनांचा इतिहास सांगताना सगळे चाकापासून सुरुवात करतात. आपल्या मुलखात सुरुवात डोक्यापासून होते. जुनेर लुगड्याची चिंधी गोल पिळायची, डोक्यावर ठेवायची आणि वर हंडा, पाटी, हारा, मोळी. चुंबळीला पैसा लागत नाही, सुतार-लोहार लागत नाही, दाणावैरण लागत नाही. म्हणून तिला कुणी वाहन म्हणत नाही. पण या डोंगरात हजारो वर्षं सगळ्यात जास्त ओझं कशावरून गेलं असेल, तर ते बाईच्या डोक्यावरून. पाणी, सरपण, गवत, शेणखत, भाताच्या पेंढ्या, दळण, आणि पाठीशी किंवा कडेवर मूल.

पुरुषांकडे कावड होती. बांबूच्या दोन टोकांना दोन ओझी आणि खांद्यावर तोल. सरदार-दरकदारांना मेणा नाहीतर पालखी, आणि ती उचलायला भोई. आजाऱ्याला, अडलेल्या बाळंतिणीला झोळी. बांबूला घोंगडी नाहीतर धोतर बांधायचं, दोघांनी पुढे-मागे खांदा द्यायचा आणि बदलायला आणखी दोघांनी बरोबर चालायचं.

या सगळ्यात एक मर्यादा होती. माणूस घाट चढताना फार तर वीस-पंचवीस किलो नेतो. तेवढ्यात घर चालतं, व्यापार चालत नाही. व्यापार आला तो बैलाच्या पाठीवर.

बैलाची पाठ आणि नाणेघाट

घाटाखाली समुद्र जवळ. तिथे मीठ, सुकट, बोंबील, नारळ. घाटावर ज्वारी, बाजरी, गूळ, मिरची, लसूण, तूप, आणि रानात हिरडा. खालच्याला वरचं हवं, वरच्याला खालचं हवं. मीठ तर प्रत्येक घराला हवं, आणि ते शेतात पिकत नाही. म्हणून सह्याद्रीच्या भिंतीत जिथे जिथे खिंड सापडली तिथे तिथे वाट पडली.

त्यातली फार जुनी वाट म्हणजे जुन्नरजवळचा नाणेघाट. दोन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी, सातवाहन राजांच्या काळात, हा घाट कातळ फोडून केला. पैठणकडून जुन्नरला आलेला माल इथून खाली उतरून कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदराकडे जाई. वाटेत दगडात कोरलेल्या पाण्याच्या टाक्या आहेत. माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत आणि म्हणून नाणेघाट, असं लोक सांगतात.

आपण बायांनी मुद्दाम सांगावी अशी गोष्ट त्या घाटातल्या गुहेत आहे. तिथल्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत लांबलचक लेख कोरलेला आहे, आणि तो नागनिका या सातवाहन राणीशी जोडलेला आहे. यज्ञात काय काय दान दिलं, किती गायी, घोडे, हत्ती, किती नाणी, त्याचा हिशेब त्यात आहे. आपल्या देशातले फार जुने आकडे त्या लेखात सापडतात. म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्या कोरीव लेखांपैकी एक वाटेवर आहे, तो एका राणीच्या नावाने ओळखला जातो आणि त्यात हिशेब लिहिलेला आहे. गटाच्या हिशेबवहीला कुणी हसलं, तर त्याला नाणेघाट दाखवून आणा.

या वाटांवर गाडी नव्हती. बैलाच्या पाठीवर खोगीर, त्यावर दोन्ही बाजूंना लोंबणारी गोणी. तट्टू असायची, गाढवंही असायची, पण मोठा भार बैलांवर. एक बैल साधारण एक क्विंटलच्या आसपास ओझं न्यायचा. असे बैल घेऊन देशभर फिरणारे लोक म्हणजे बंजारा, म्हणजेच लमाण. लवण म्हणजे मीठ, त्यावरून लमाण, असं सांगतात. सतराव्या शतकात तावेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या आपल्या देशात फिरला. त्याने लिहून ठेवलंय की दहा-बारा हजार बैलांचे तांडे धान्य आणि मीठ घेऊन जाताना दिसतात, आणि समोरून असा तांडा आला की तो संपूर्ण जाईपर्यंत कधीकधी दोन-तीन दिवस थांबावं लागतं. मोगलांचं सैन्य असो, मराठ्यांचं असो की पुढे इंग्रजांचं, पोटाला धान्य बंजाऱ्यांच्या बैलांनी आणलं.

तांड्यात बाया बरोबर असायच्या. घर म्हणजे तांडाच. रोजचा मुक्काम टाकायचा, चूल पेटवायची, मूल जन्माला आलं तर तेही वाटेतच. माल भरायच्या गोण्यांसाठी तागाचं सूत कातायचं काम घराघरात चाले. बैल दिसतात, गोणी दिसते. ती कातणारे हात मात्र इतिहासात दिसत नाहीत.

वाट बंद, म्हणून बेगमी

या वाटांना ऋतू होता. दसरा झाला की वाटा उघडायच्या, मृग लागला की बंद. ओढ्याला पूल नाही, कातळ शेवाळलेला, बैलाचा पाय घसरला की गेला. चार महिने जी वाडी जिथे आहे तिथेच.

म्हणून आपल्याकडे बेगमी. चैत्र-वैशाखात पापड, कुरडया, सांडगे घालायचे, मिठाची मडकी भरायची, सुकट-बोंबील उन्हं दाखवून ठेवायचे, सरपण रचायचं, बी-बियाणं राखेत घालायचं. आज आपण कुरडया हौसेने करतो आणि गटातून विकतोही. पण पावसाळ्यात वाट बंद असताना घर जगवायची ती तजवीज होती, आणि ती पूर्ण बायांच्या डोक्याने चालायची. चार महिन्यांना किती माणसांना किती मीठ लागेल, हा अंदाज चुकून चालत नव्हता.

माहेरची वाटही याच ऋतूवर चाले. घाटाखाली दिलेली लेक पावसाळ्यात आली नाही तर दिवाळीलाच. मुऱ्हाळी म्हणून भाऊ न्यायला यायचा तो दोन दिवस चालत. जात्यावरच्या ओव्यांत मुऱ्हाळी, वाट, बैलगाडी इतक्या वेळा का येतात, ते यावरून कळतं. ज्या बाईला वर्षातून एकदा वाट मोकळी होते, ती वाटेचं गाणं करणारच.

चाक उशिरा का आलं

तुम्ही म्हणाल, चाक तर फार जुनं, मग आपल्याकडे गाडी इतकी उशिरा कशी? गाडी होती, पण सपाटीवर आणि तीही अवजड. चाकं भरीव असायची, लाकडाच्या जाड तुकड्यांची, काही भागात तर दगडाची. ती ओढणं एका बैलजोडीचं काम नव्हतं. शेतातून खळ्यापर्यंत ठीक, पण दूरच्या पेठेला माल न्यायला ती कामाची नाही.

बदल झाला तो साधारण दोनशे वर्षांपूर्वी. १८३० साली मुंबई आणि पुणे यांच्यामधल्या बोरघाटात चाकाची गाडी जाईल असा रस्ता खुला झाला. त्याआधी पुण्याचा माल कोकणात उतरायचा तो बैलाच्या नाहीतर माणसाच्या पाठीवरून. त्याच दशकात सोलापूर जिल्ह्यात टेंभुर्णीला गेसफर्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हलक्या गाड्या करायचा कारखाना काढला. चाक भरीव नाही, आऱ्यांचं. मधे तुंबा, त्यातून निघालेले आरे, बाहेर लाकडी पाटे आणि त्यावर लोखंडाची धाव.

ही धाव बसवताना ज्यांनी पाहिलंय, त्या आज्या अजून आपल्यात आहेत. शेणी रचून धाव लालभडक तापवायची, लोहार आणि सुताराने चिमट्यांनी धरून ती चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचं. लोखंड आवळतं आणि चाक घट्ट बसतं. त्यासाठी पाणी आणायला मात्र घरच्या बायांनाच हाक जायची.

आता हिशेब करू. बरा रस्ता असेल तर बैलजोडीची गाडी आठ-दहा क्विंटल नेते. आठच धरा. आठ क्विंटल न्यायला पाठीवर ओझं वाहणारे आठ बैल लागतात. तेच डोक्यावर न्यायचं तर वीस किलोप्रमाणे चाळीस बाया. म्हणजे एक गाडी बरोबर आठ बैल, बरोबर चाळीस डोकी. वाट गाडीची झाली की काय बदलतं, ते या एका हिशेबात आहे. आणि गाडीवाट वाडीपर्यंत आली नाही, तर ती चाळीस डोकी कुणाची, तेही याच हिशेबात आहे.

वाट दोन्ही बाजूंनी चालते

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे पहिली आगगाडी धावली. १८६३ साली ती बोरघाट चढली. सोय झाली खरी, पण सगळ्यांची नाही. ज्यांची रोजी बैलाच्या पाठीवर होती, त्या बंजाऱ्यांचा धंदा बसला. फिरणाऱ्या लोकांकडे सरकार संशयाने पाहू लागलं. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो पसरत गेला. ज्यांनी शतकानुशतकं मीठ आणि धान्य पोचवलं, त्यांच्यावरही अनेक भागांत गुन्हेगारीचा शिक्का बसला. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली तो कायदा गेला. आज महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जातींमध्ये गणला जातो. आपल्या गटांमध्ये तांड्यावरच्या बहिणी आहेत. त्यांच्या पणज्यांनी आपल्या पणज्यांना मीठ आणून दिलं होतं, एवढं आपण विसरायचं नाही.

रस्ता आला की माल बाहेर जातो, तसा आतही येतो. गिरणीचं स्वस्त कापड आलं आणि गावचे माग बंद पडले. व्यापाऱ्याचा तराजू आला, सावकाराची वहीही आली. म्हणून रस्ता आला म्हणजे भलं झालंच, असं नाही. त्या रस्त्यावर आपण काय घेऊन उभ्या राहतो, यावर ते ठरतं.

आपल्याकडचं हिरड्याचं बघा. आमच्या गटांतल्या म्हाताऱ्या आज्या सांगतात, “पहाटं पाटी उचलायची नि दिवस वर येस्तवर पेठंला पोचायचं. शेठ म्हणंल तो भाव.” का? भाव परवडला नाही तर ती पाटी परत डोंगर चढून घरी न्यायची कुणी? ज्याला माल परत न्यायचं ओझं आहे, त्याचा भाव समोरचा ठरवतो. हे तेव्हा खरं होतं आणि आजही वडापच्या जीपमध्ये दोन पोती घेऊन एकटी जाणाऱ्या बाईसाठी तितकंच खरं आहे. पंधरा जणींनी मिळून एक टेम्पो केला, आधी दोन पेठांचा भाव फोनवर विचारला आणि मग माल भरला, तर परत न्यायची धास्ती पंधरा जणींत वाटली जाते. आमच्या काही गटांनी हे करून पाहिलंय. भाड्याचा वाटा पडतो, पण शेठसमोर मान वर करून उभं राहता येतं.

रस्ते कुणाच्या हातांनी झाले

जुन्या काळी सरकारी माणूस गावात आला की त्याचं सामान पुढच्या गावापर्यंत पोचवायला गावाने माणसं द्यायची. त्याला वेठ म्हणत. मजुरी नाही, आणि नाही म्हणायची सोय नाही. आपण आजही “वेठीला धरलं” असं म्हणतो, तो शब्द तिथला.

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. आगगाडीने धान्य स्टेशनपर्यंत आलं, पण स्टेशनापासून आतल्या गावांपर्यंत ते न्यायला बैलच उरले नव्हते, चाऱ्यावाचून मेले होते. शेवटची दहा-वीस मैलांची वाट किती महत्त्वाची, ते तेव्हा माणसांच्या जिवावर कळलं. दुष्काळी कामं निघाली, त्यात खडी फोडायचं काम मोठं होतं आणि बायामुलं त्यात मोठ्या संख्येने होती.

आणि मग १९७२ चा दुष्काळ. हा आपल्या आज्यांच्या आठवणीतला. परदेशातून आलेला तांबडा मिलो, लहान मुलांना मिळणारी सुकडी आणि दिवसभर खडी. हातोड्याने दगड फोडायचा, पाटीने मापायचा, फरशीचं मोजमाप झालं की मजुरी. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना तेव्हा राज्यभर कामाला लागली. पुढे १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागणाऱ्याला काम देणं सरकारवर बंधनकारक झालं, आणि एका कामाला बाईला कमी नि पुरुषाला जास्त असा भेद ठेवायचा नाही, हेही ठरलं.

आज आपल्या तालुक्यांतल्या कितीतरी रस्त्यांच्या पोटात ती खडी आहे. वर डांबराचे थर चढले, फलक लागले, त्यावर नावं आली. खालची खडी फोडणाऱ्या बायांची नावं कुठल्याच फलकावर नाहीत. तुमच्या गावच्या रस्त्यावर आजीने काम केलं असेल, तर तिला विचारून ठेवा. कुठून कुठपर्यंत, किती दिवस, किती मजुरी. गटाच्या वहीत एक पान त्यासाठी ठेवा.

शेवटचे तीन किलोमीटर

१ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर यांच्यामध्ये एसटीची पहिली गाडी धावली. मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. चांगलंच झालं. पण जिथे एसटी येतच नाही, त्या वाडीतल्या बाईला अर्धं तिकीट काय आणि पूर्ण तिकीट काय! १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते, पण रस्ता असेल तिथपर्यंत. पुढे पुन्हा बांबू, घोंगडी आणि चार खांदे. आमच्या कामाच्या पट्ट्यात अशा वाड्या आजही आहेत. बाळंतपणाला पावसाळा गाठला, की त्या घरात आनंदापेक्षा धास्ती जास्त.

रस्ता का नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा एकच मिळतं: लोकसंख्या कमी. एका वाडीचा अर्ज याच कारणाने परत आलेला आम्ही पाहिला आहे. हे उत्तर कुठून येतं, ते समजून घेऊ. २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. तिचा नियम असा, की सपाटीवर ५०० आणि डोंगरी, आदिवासी भागात २५० लोकसंख्येच्या वस्तीला बारमाही रस्ता द्यायचा. २०२४ साली मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यात लोकसंख्या धरली ती २०११ च्या जनगणनेची. आता आपली वाडी बघा. पंचवीस घरं, सव्वाशे माणसं. नियमात बसत नाही. जी वस्ती जितकी विरळ, तिला वाटेची गरज तितकी जास्त, आणि नियमात तिचा नंबर तितका मागे. आपल्या वाटेचा प्रश्न इथे अडकला आहे.

मग करायचं काय? चार गोष्टी सांगतो. कागद-पेन्सिल घ्या.

पहिली गोष्ट. या योजनेत जवळजवळच्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरायची सोय आहे, साधारण ५०० मीटरच्या आतल्या. तीन वाड्या मिळून २५० होत असतील, तर तीन वेगळे अर्ज करू नका, एकच करा. आणि पुढच्या जनगणनेला मोजणारे येतील तेव्हा आपल्या वाडीचं नाव वेगळं लिहिलं जातंय का, ते बघा. वीटभट्टीवर, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची नोंद राहून जात नाही ना, हेही विचारा. एक घर सुटलं की पाच माणसं सुटतात.

दुसरी गोष्ट. “मध्ये वनजमीन आहे, रस्ता होणार नाही” असं उत्तर आलं तर तिथेच थांबू नका. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३, पोटकलम २ मध्ये शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पिण्याचं पाणी अशा १३ कामांसाठी वनजमीन देण्याची तरतूद आहे आणि रस्ता त्यात आहे. अट अशी, की एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. पाच मीटर रुंदीचा रस्ता धरला, तर त्यात जवळजवळ दोन किलोमीटर होतात. कितीतरी वाड्यांचं अंतर तेवढंच असतं.

तिसरी गोष्ट, जुन्या गाडीवाटेची. पाणंद नांगरून टाकली, काटे लावले, बांध फोडला, हे आपल्याकडे नेहमीचं. त्यावरून भाऊबंदकी होते आणि बाया पाण्याच्या हंड्यासह लांबच्या वळशाने जातात. गावनकाशा तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. जुनी गाडीवाट आणि पाऊलवाट त्यात तुटक रेषांनी दाखवलेली असते. वहिवाटीची वाट कुणी अडवली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शेतात जायला वाटच नसेल, तर १९६६ च्या जमीन महसूल कायद्याच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. दोन्ही अर्ज बाई स्वतःच्या नावाने करू शकते. “घरच्या माणसाला पाठवा” असं कुणी म्हटलं, तर ऐकून घेऊ नका.

चौथी गोष्ट. आपल्या भागातली बरीच गावं पेसा क्षेत्रात आहेत. तिथे पाड्यालाही आपली स्वतंत्र ग्रामसभा मागता येते. नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, तिच्यात वाटेचा ठराव लिहून घ्या. “रस्ता पाहिजे” एवढंच लिहू नका. कुठून कुठपर्यंत, अंतर किती, मध्ये ओढे किती, पावसाळ्यात किती दिवस बंद, शाळेची मुलं किती, गेल्या तीन वर्षांत झोळीतून किती जणींना न्यावं लागलं, ते आकड्यांत लिहा.

रस्ता मंजूर होऊन उभा राहायला वर्षं जातात, पोटातलं बाळ तेवढं थांबत नाही. म्हणून तोवरची सोय. आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत माहेरघर आहे. दिवस भरत आलेल्या बाईला आधीच काही दिवस तिथे येऊन राहता येतं. आपल्या केंद्रात ते आहे का, आशाताईंना विचारा. आणि ज्या सुनेची तारीख आषाढ-श्रावणात आहे, तिचं नाव ज्येष्ठातच गटाच्या वहीत लिहा. घरी सासूबाईंशी बोलायला दोघी-तिघी जा. “आमची बाळंतपणं घरातच झाली” असं त्या म्हणतील. त्यांना मान देऊन सांगा, “आत्याबाई, तुम्ही तरलात, पण त्या वेळी सगळ्याच तरल्या का?” उत्तर त्यांनाही ठाऊक असतं.

आता पुढच्या बैठकीचं काम. जमिनीवर रांगोळीने नाहीतर राखेने आपल्या वाडीचा नकाशा काढा. चार वाटा दाखवा: पाण्याची, सरपणाची, बाजाराची, दवाखान्याची. प्रत्येक वाटेवर जाऊन-येऊन किती वेळ लागतो आणि डोक्यावर किती किलो असतं, ते लिहा. मग आठवड्याची बेरीज करा. ज्या आज्यांना जुनी बैलवाट ठाऊक आहे, त्यांना मध्ये बसवा. तलाठ्याच्या नकाशात सापडणार नाही, असं बरंच त्यांना माहीत असतं. बेरीज झाली की त्याची एक प्रत महिला सभेच्या ठरावाला जोडा आणि एक आमच्याकडे रेडिओ केंद्रावर पाठवा. आलेल्या बेरजा आम्ही पुढच्या महिन्यात याच वेळेला वाचून दाखवू, वाडीच्या नावासह.